वीजजोडणीविना छोटे घर: जागेची आखणी आणि विजेचा हिशेब

भोर, मुळशी, मावळ या तालुक्यांत किंवा घाट उतरून कोकणात शेतजमिनीवर दोन खोल्यांचे घर बांधू पाहणाऱ्यांपुढे पहिली अडचण बहुधा एकच असते: महावितरणचा शेवटचा खांब दूर असतो आणि तिथून आपल्या बांधापर्यंत तारा आणणे खर्चाच्या किंवा वाटेतल्या जमिनींच्या कारणाने जमत नाही. सौर पॅनेल आणि बॅटरीवर चालणारे स्वतंत्र घर हा अशा ठिकाणी पूर्ण व्यवहार्य पर्याय आहे, पण त्याची आखणी जोते घालण्यापूर्वी कागदावर व्हावी लागते. घर बांधून झाले की सौरवाल्याला बोलवायचे आणि ‘आता कुठे काय बसते ते बघा’ म्हणायचे, अशी पद्धत पडली आहे. तिच्यामुळे बॅटरी जिन्याखाली कोंबली जाते, तारा घराला वळसा घालून जातात आणि पहिल्याच आषाढात घर अंधारात बसते.

पुढील सर्व आकडे एका विशिष्ट घरासाठी धरले आहेत: घाटमाथ्याजवळ, उतारावर, ४५० चौरस फुटांचे, कौलारू, दोन माणसे कायम राहतील असे घर. आपले घर वेगळे असेल तर आकडे बदलतील, कामांचा क्रम मात्र बदलू नये.

पहिली पायरी: लोडची यादी

घराच्या नकाशाआधी उपकरणांची यादी करावी. प्रत्येक उपकरणाचे वॅट गुणिले रोजचे तास भागिले १००० केले की रोजचे युनिट मिळतात. ९ वॅटचे सहा एलईडी दिवे सरासरी चार तास जळले तर सुमारे ०.२ युनिट होते. साधा छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, तर बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) पंखा ३० वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. म्हणून दोन बीएलडीसी पंखे दहा तास चालवूनही ०.६ युनिटच लागते. फ्रिजच्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, त्यांना ३६५ ने भागावे. लेबलवर १८० असेल तर दिवसाला अर्धे युनिट येते, पण उन्हाळा आणि वारंवार उघडले जाणारे दार लक्षात घेऊन ०.६ धरावे. दिवसरात्र चालणारा राउटर, चार तास लॅपटॉप आणि दोन फोन मिळून ०.४५, आणि मिक्सरची दहा मिनिटे धरून ०.१.

ही बेरीज दोन युनिटच्या आत राहते. मात्र यादीत सहसा कोणीच न लिहिणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे इन्व्हर्टर स्वतः. घरात एकही दिवा लागलेला नसताना ५ केव्हीएचा इन्व्हर्टर ५० वॅटच्या आसपास खात राहतो, म्हणजे दिवसाला १.२ युनिट, दोन फ्रिजांइतके. ‘पुढेमागे लागेल’ म्हणून मोठा इन्व्हर्टर घेणारा माणूस हा भुर्दंड रोज भरतो. या घराला ३ केव्हीएचा, शुद्ध साइन वेव्हचा (खांबावरच्या विजेसारखी सलग लहर देणारा), रिकामा चालताना २५ वॅटच्या आसपास खाणारा इन्व्हर्टर पुरतो. हा आकडा माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असतो. तो नसेल तर विक्रेत्याकडून लिहून घ्यावा. त्याचे ०.६ युनिट आणि पाण्याच्या पंपाचे थोडे धरले की रोजची गरज पावणेतीन युनिटपर्यंत जाते. हिशेबाला तीन धरू.

उष्णता विजेवर नको

यादीतून गीझर, इंडक्शन शेगडी आणि इस्त्री वगळली आहे, आणि ते जाणीवपूर्वक आहे. दोघांच्या आंघोळीचे ४० लिटर पाणी २० अंशांनी तापवायला जवळपास एक युनिट लागते, म्हणजे घराच्या रोजच्या गरजेचा एक तृतीयांश भाग केवळ आंघोळीत जातो. ऑक्टोबर ते मे या काळात छोटा सोलर वॉटर हीटर हे काम विजेविना करतो, आणि पावसाळ्यात तांब्याचा बंब करतो. बंबाला कोणी जुनाट म्हणेल, पण उपलब्ध जळण आणि ढगाळ आभाळ यांचा विचार करता त्याच्याइतके सरळ साधन दुसरे नाही. त्यासाठी मोरीला लागून पडवीत जागा ठेवावी आणि शेजारी सुक्या लाकडांचा आडोसा पागोळ्यांपासून दूर असावा. बंबाऐवजी गॅस गीझर लावायचा असेल तर तो न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरच्या कार्बन मोनॉक्साइडने माणसे दगावतात, त्यामुळे ‘खिडकी उघडी ठेवू’ हा तोडगा स्वीकारू नये.

स्वयंपाकाला १४.२ किलोचा सिलिंडर ठीक आहे. गोठ्यात चार-पाच जनावरे असतील तर २ घनमीटरच्या गोबरगॅस संयंत्राचा विचार जरूर करावा. त्याला रोज साधारण ५० किलो शेण लागते. तेवढे शेण नसताना केवळ हौसेने बांधलेली संयंत्रे वर्षभरात बंद पडलेली दिसतात.

दुसरी पायरी: हिशेब जुलैचा करावा

सौरवाले बहुतेक वेळा वर्षाची सरासरी धरून पाच तासांचे पूर्ण ऊन (दिवसभराचे कमीजास्त ऊन भर दुपारच्या कडक उन्हाच्या तासांत मोजून) हिशेबात घेतात. वीजजोडणी असलेल्या घरात ते चालते, कारण कमी पडलेली वीज खांबावरून येते. आपल्याकडे खांबच नाही. घाटमाथ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये दोन तासांचे पूर्ण ऊन धरावे, आणि संततधारेच्या दिवसात एकच. एप्रिलमध्ये तेच पॅनेल सहा तासांचे ऊन घेते. सरासरी धरणारा मनुष्य एप्रिलमध्ये समाधानी असतो आणि जुलैमध्ये मेणबत्त्या शोधतो.

५४० वॅटची चार पॅनेल, म्हणजे २,१६० वॅट घेतली आणि उष्णता, तारा, धूळ व रूपांतर यांत पाव भाग गेला असे धरले, तर दोन तासांच्या उन्हात सव्वातीन युनिट मिळतात. गरज तीनची आहे, म्हणजे सामान्य पावसाळी दिवस निभावतो. संततधारेत १.६ युनिट येतात आणि रोज १.४ ची तूट पडते. ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत ५.१२ युनिट मावतात आणि त्यांतले साडेचार सहज वापरता येतात. तेव्हा भरलेल्या बॅटरीवर अशी तूट तीन दिवस भरून निघते. पंखे बंद ठेवून फ्रिजवर नजर ठेवली तर आणखी एक-दोन दिवस ओढता येतात. त्यापुढे जनरेटर.

पैसे मोजकेच असतील तर दुसऱ्या बॅटरीऐवजी आणखी दोन पॅनेल घ्यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. ढगाळ हवेत पॅनेल वाढवले की थोडी का होईना वीज रोज वाढते, तर दुसरी बॅटरी भरायलाच ऊन नसते. ट्युब्युलर लेड अॅसिड बॅटरी स्वस्त पडते, पण तिची निम्मीच क्षमता वापरावी लागते, पाणी घालत राहावे लागते आणि चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. ज्यांच्याकडे ती आधीच आहे त्यांनी ती वापरून संपवावी. नव्याने घेऊ नये.

जमिनीत बारमाही नसला तरी पावसाळी ओहोळ असेल तर त्याची उंची मोजण्याची तसदी जरूर घ्यावी. सेकंदाला २ लिटर पाणी २० मीटर खाली पाइपातून आणले आणि निम्मी शक्ती वाया गेली असे धरले, तरी जवळपास २०० वॅट मिळतात. हे फार वाटत नाही, पण ते रात्रंदिवस मिळतात, म्हणजे दिवसाला साडेचार युनिटपेक्षा जास्त, आणि तेही नेमके सूर्य गायब असलेल्या महिन्यांत. पालापाचोळ्याने जाळी तुंबते आणि ती रोज साफ करावी लागते, एवढीच कटकट आहे.

तिसरी पायरी: पाण्याची भिंत

आता नकाशा. मोरी, संडास आणि स्वयंपाकघराचा ओटा हे एकाच भिंतीच्या दोन बाजूंना पाठीला पाठ लावून घ्यावेत. पाणी येण्याचे आणि सांडपाणी जाण्याचे सगळे पाइप त्या एका भिंतीपाशी राहतात, गळती झाली तर एकाच ठिकाणी शोधावी लागते आणि कौलांखालच्या लाकडाजवळून पाइप फिरत नाहीत. ही भिंत घराच्या उताराकडच्या बाजूला असावी, म्हणजे सांडपाणी आपोआप खाली जाईल.

टाकी मात्र चढाकडे ठेवावी. उतारावर घर असेल तर लोखंडी स्टँड बांधण्याची गरजच पडत नाही. घरापेक्षा ८ मीटर उंचावर, जमिनीवर, दगडी चौथऱ्यावर ठेवलेली टाकी नळाला ०.८ बार दाब देते. छतावर दोन मीटर उंच ठेवलेल्या टाकीतून ०.२ बारच मिळतो, आणि तेवढ्यावर शॉवर नुसता ठिबकतो. उघड्यावरच्या पाइपावर ऊन पडते, म्हणून तो फूटभर जमिनीत गाडावा आणि घराच्या जवळ एक कॉक द्यावा.

टाकी १,००० ऐवजी २,००० लिटरची घ्यावी, आणि याचे कारण विजेशी निगडित आहे. १,००० लिटर पाणी ३० मीटर वर चढवायला, लहान पंपाची सुमार कार्यक्षमता धरूनही, पाव युनिटच्या थोडे वर लागते. दोन माणसांना रोज ३०० लिटर पुरत असेल तर २,००० लिटरची टाकी जवळजवळ आठवडाभर चालते, आणि आठवड्यातून एक उघाडीचा दिवस जुलैतही मिळतो. त्या दिवशी पंप चालवावा. टाकीची किंमत आणि तेवढीच सोय देणाऱ्या बॅटरीची किंमत यांची तुलना केली की मुद्दा लगेच पटतो.

विहिरीवरचा अर्ध्या अश्वशक्तीचा पंप चालताना ५५० वॅट घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या चार-पाच पट ओढतो. ३ केव्हीएचा इन्व्हर्टर ते सहन करतो. खोल बोअरवेलमधला १ अश्वशक्तीचा सबमर्सिबल मात्र या इन्व्हर्टरला जड जाईल. तिथे स्वतःच्या वेगळ्या पॅनेलवर, बॅटरीविना चालणारा सौरपंप लावावा.

भारतीय मानकानुसार शोषखड्डा विहिरीसारख्या पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर आणि राहत्या घरापासून ६ मीटर दूर असावा. उतारावर याला आणखी एक अट जोडावी: तो विहिरीच्या वरच्या अंगाला कधीही नसावा, मग अंतर कितीही असो. कोकणातल्या जांभ्यातून पाणी झटकन पसरते, त्यामुळे तिथे अंतर वाढवावे. देशावरच्या काळ्या मातीत उलट अडचण येते, पाणी मुरत नाही. तिथे खड्ड्यापेक्षा लांब चर आणि त्यावर केळी, कर्दळ लावणे चांगले.

चौथी पायरी: बॅटरीची खोली

हिला खोली म्हणावे की कपाट, हे बांधणाऱ्याने ठरवावे. चार फूट बाय सहा फूट जागा पुरते. जागा निवडताना नाही म्हणण्याची ठिकाणे आधी काढून टाकावीत. सह्याद्रीत पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो आणि दुपारचे ऊन पश्चिमेचे असते, म्हणून दक्षिण-पश्चिम कोपरा बाद. पाण्याच्या भिंतीला लागून नको, कारण ओल आणि वीज यांचे जमत नाही. गॅस सिलिंडरच्या शेजारी नको: हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, आणि इन्व्हर्टरमधल्या रिलेला ठिणगी उडतच असते. झोपण्याच्या खोलीत नको, कारण इन्व्हर्टरचा पंखा रात्री घुरघुरतो आणि बॅटरी बिघडलीच तर माणूस तिच्यापासून दूर असावा. एवढे वगळल्यावर उरते ती पूर्वेची किंवा उत्तरेची बाजू. वास्तुशास्त्राप्रमाणे आग्नेयेचा आग्रह असेल तर तोही मान्य करायला हरकत नाही. तिथेही सकाळचेच ऊन येते.

या खोलीचे दार बाहेरच्या बाजूने, पडवीतून उघडावे. जमीन घराच्या जोत्याहून निदान चार इंच उंच ठेवावी. खाली आणि वर अशा दोन झडपा, बारीक जाळीसह, ठेवाव्यात. जाळी गंजणारी नको. ही जाळी डासांसाठी नाही. इन्व्हर्टरच्या उबेला पाली आणि मुंग्या येतात, पाल दोन टोकांना एकदम टेकली की बोर्ड जळतो, आणि तो बोर्ड दुरुस्त व्हायला शहरात जाऊन यायला आठवडा मोडतो. उंदरांचाही त्रास असतो, म्हणून जमिनीलगतची प्रत्येक तार लोखंडी पाइपातून न्यावी आणि भोकांची तोंडे सिमेंटने लिंपावीत. छत पत्र्याचे नसावे. पत्र्याखाली एप्रिलमध्ये तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते आणि त्याने बॅटरीचे आयुष्य घटते. इन्व्हर्टर डोळ्यांच्या उंचीवर, सिमेंट बोर्डावर लावावा, प्लायवूडवर नव्हे, आणि त्याच्या वर-खाली फूटभर मोकळी जागा सोडावी.

बॅटरी ते इन्व्हर्टर हे अंतर दीड मीटरपेक्षा जास्त असू नये. ३,००० वॅटचा भार ४८ व्होल्टच्या बॅटरीतून ६५ अँपिअर ओढतो. तोच १२ व्होल्टवर २६० अँपिअर होतो, आणि त्या जाडीची तार वळवणेदेखील अवघड असते. त्यामुळे १२ व्होल्टची व्यवस्था या आकाराच्या घराला योग्य नाही. ४८ व्होल्टवर २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घ्यावी आणि बॅटरीच्या धन टोकापासून फूटभराच्या आत डीसीसाठीचाच (बॅटरी-पॅनेलच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेसाठीचा) फ्यूज किंवा ब्रेकर लावावा. एसीचा एमसीबी इथे चालत नाही, कारण डीसीची ठिणगी त्यात विझत नाही आणि तो आतून वितळतो. स्थानिक वायरमन ‘सगळे एकच’ म्हणत असेल तर हे काम त्याच्याकडे देऊ नये.

पाचवी पायरी: पॅनेल कुठे आणि कशी

कौलारू छतावर पॅनेल बसवण्याच्या मी विरुद्ध आहे. कौलांवर चढून पॅनेल पुसता येत नाहीत, दरवर्षीची शाकारणी अडते आणि गळती नेमकी पॅनेलखाली होते. जागा असताना जमिनीवरच सांगाडा उभारावा, आणि त्याची खालची कड जमिनीपासून चार फूट उंच ठेवावी, कारण श्रावणात गवत कमरेपर्यंत वाढते आणि जनावरांना अंग घासायला लोखंड आवडते. चार पॅनेलांना सुमारे साडेदहा चौरस मीटर जागा लागते.

तोंड दक्षिणेकडे. पुण्याचे अक्षांश साडेअठरा आहे आणि पुस्तकी नियम म्हणतो की तेवढाच कल द्यावा. पण जूनमध्ये इथला सूर्य दुपारी डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो, आणि ढगाळ दिवसांत प्रकाश सगळ्या आभाळातून पसरून येतो. म्हणून ज्याची अडचण जुलैची आहे त्याने १५ अंशांचा कल ठेवावा. वाराही कमी धरतो आणि पावसाने धूळ वाहून जाण्याइतका उतारही राहतो.

सावली मात्र डिसेंबरमध्ये तपासावी. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सकाळी नऊच्या सुमारास ६ मीटर उंच झाडाची सावली वायव्येला जवळपास १४ मीटरपर्यंत जाते. एका पॅनेलच्या कोपऱ्यावर फांदी पडली तरी ओळीतल्या सगळ्या पॅनेलांचा प्रवाह उतरू शकतो, त्यामुळे ‘थोडीशीच सावली आहे’ या म्हणण्याला अर्थ नाही. आंब्याचे कलम आज डोक्याइतके असले तरी दहा वर्षांनी किती होईल तेही पाहावे.

पॅनेलांच्या जोडणीत एक सापळा आहे. ५४० वॅटच्या पॅनेलचा उघडा (काहीही न जोडता मोजलेला) व्होल्टेज ४९.५ च्या आसपास असतो. तीन पॅनेल एका ओळीत जोडली की १४८.५ होतात आणि १५० व्होल्टच्या चार्ज कंट्रोलरवर (पॅनेलची वीज बॅटरीत भरणाऱ्या यंत्रावर) ती बसतात असे वाटते. परंतु थंडीत व्होल्टेज वाढतो. पहाटे ७ अंश तापमान असताना तोच आकडा १५५ च्या वर जातो आणि कंट्रोलर कायमचा निकामी होतो. हे घडते ते जानेवारीतल्या एखाद्या स्वच्छ सकाळी, आणि वॉरंटीत ते बसत नाही. चार पॅनेल दोन-दोनच्या ओळी करून समांतर जोडावीत, किंवा जास्त व्होल्टेज घेणारा इन्व्हर्टर निवडावा.

सांगाडा हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेला) आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचे असावेत. समुद्राजवळ यात काटकसर करूच नये. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा रायगड-रत्नागिरीत पत्रे आणि कौले उडाली, आणि वीज कित्येक गावांत दीर्घकाळ आली नाही. तेव्हा पायाचे काँक्रीट किती खोल घ्यायचे हे वाऱ्याचा विचार करून ठरवावे, वजनाचा नव्हे: वारा पॅनेलांना नुसता खाली दाबत नाही, उचलतोही.

सहावी पायरी: घरातले वायरिंग आणि अर्थिंग

डीबीमध्ये, म्हणजे घरातल्या वीजवाटपाच्या पेटीत, दोन गट करावेत. एका गटात दिवे, पंखे, फ्रिज आणि राउटर. दुसऱ्यात पंप, वॉशिंग मशीन आणि मिक्सर, जो फक्त ऊन असताना चालू करायचा. एप्रिलमध्ये रोज नऊ-साडेनऊ युनिट तयार होतात आणि लागतात तीन. त्या दिवसांत हा दुसरा गट मोकळ्या हाताने वापरता येतो. १६ अँपिअरचा प्लग घरात एकच, आणि तोही बॅटरीच्या खोलीत ठेवावा. यजमान शिस्तीचा असला तरी पाहुणे पाण्याचा रॉड आणि इस्त्री घेऊन येतात आणि प्लग दिसला की लावतात.

वादळी पावसाच्या वेळी वळवाची वीज या भागात मे आणि ऑक्टोबरमध्ये जोरात पडते. पॅनेलच्या बाजूला आणि घराच्या बाजूला सर्ज संरक्षक (विजेचा अचानक उसळलेला दाब जमिनीत सोडणारे) लावावेत, आणि वीजरोधकाचा अर्थ खड्डा उपकरणांच्या खड्ड्यापासून वेगळा खणावा. कातळात आणि जांभ्यात अर्थिंग नीट लागत नाही. नळी ठोकून काम झाले असे न मानता अर्थ टेस्टरने मोजून घ्यावे. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारी कळ) बसवणे आवश्यक आहे, परंतु इन्व्हर्टरच्या आउटपुटचा न्यूट्रल एका ठिकाणी अर्थशी जोडलेला नसेल तर ती शॉक बसतानाही खाली पडणार नाही. काही इन्व्हर्टर ही जोडणी आतच करतात, काही करत नाहीत. माहितीपुस्तिका पाहिल्याशिवाय बाहेरून जोड देऊ नये.

जनरेटरला घरापासून दूर, छपराखाली पण तिन्ही बाजूंनी उघडी अशी जागा ठेवावी. पडवीत तो कधीही चालवू नये. लहान पेट्रोल जनरेटर एका लिटरमागे साधारण दोन युनिट देतो, म्हणून तो थेट दिवे लावायला न वापरता इन्व्हर्टरच्या चार्जरला जोडावा आणि दोन तासांत बॅटरी भरून बंद करावा.

अनुदानाबद्दल एकच वाक्य: पीएम सूर्य घर योजनेचे अनुदान वीजजोडणी असलेल्या छतांसाठी आहे, तेव्हा हिशेबात ते धरू नये.

घर महिनाभर बंद ठेवायचे असेल, विशेषतः पावसाळ्यात, तर फ्रिज रिकामा करून त्याचे दार उघडे ठेवावे आणि इन्व्हर्टर पूर्ण बंद करावा. नाही तर ऊन नसताना तो एकटाच आठवड्याभरात बॅटरी संपवतो. लिथियम बॅटरी पूर्ण भरून न ठेवता ६० टक्क्यांच्या आसपास ठेवावी. आधी पॅनेलचा डीसी आयसोलेटर (पॅनेल तोडणारा स्विच) पाडावा, मग बॅटरीचा ब्रेकर, आणि परत आल्यावर उलट क्रमाने, आधी बॅटरी आणि मग पॅनेल, चालू करावे. हा क्रम रंगाने खोलीच्या दारावर आतून लिहून ठेवावा, कारण चावी शेजाऱ्याकडे असते आणि फोनला तिथे रेंज नसते.